नकाराचं कारण: जुन्नर-आंबेगावातून एक मागोवा

पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सावकाराकडून आपल्या कर्जाचा हिशेब मागायचा हक्क १८७९ साली कायद्यानं मिळाला. कर्ज मिळालंच नाही, तर ते का नाही हे लेखी मागायचा हक्क मिळायला २००३ साल उजाडलं. मधली सव्वाशे वर्षं नकार होताच, फक्त त्याचं कारण देणाऱ्याच्या पोटात राहिलं. ते कारण बदलत गेलं, त्याची जागाही बदलत गेली. आधी सावकाराच्या ओसरीवर होतं, मग सोसायटीच्या सभेत आलं, मग सातबाऱ्यावर, आणि आता मुंबईतल्या एखाद्या कंपनीच्या संगणकात. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत या प्रवासाचा जवळजवळ प्रत्येक टप्पा बोट ठेवून दाखवता येतो.

पैसा विश्वासानं कुणाच्या तरी हवाली करण्याची इथली सर्वांत जुनी नोंद दगडात आहे. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत जे ब्राह्मी लेख आहेत, त्यांतल्या काहींमध्ये शेताचं उत्पन्न किंवा रक्कम कारागिरांच्या श्रेणीकडे सोपवल्याचं कोरलेलं आहे. बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी अशा श्रेणींचे उल्लेख तिथं सापडतात. आडुथुम नावाच्या एका शक उपासकानं करंजाची आणि वडाची झाडं लावण्यासाठी शेतं देऊन ती एका श्रेणीच्या ताब्यात दिली. कुणाची पत मोठी होती, हे असं सर्वांसमक्ष लिहिलेलं आहे. कुणाला दारातून परत पाठवलं, हे मात्र कुठल्याच भिंतीवर नाही. नकाराची नोंद न ठेवण्याची चाल एवढी जुनी आहे.

खरी गोष्ट सुरू होते ती इंग्रजी अमलात. रयतवारी पद्धतीत प्रत्येक शेताची मोजणी झाली, सारा रोखीत ठरला आणि जमीन विकता-गहाण टाकता येऊ लागली. त्याआधी सावकार गावाच्या मर्जीवर अवलंबून असे. वसुलीसाठी त्याला पाटलाची, पंचांची मदत लागे आणि गावातल्या माणसाला पार बुडवणं त्याला परवडत नसे. दिवाणी न्यायालयं आल्यावर त्याच्या हातात दस्त आणि हुकूमनामा आला. आता तो माणसाऐवजी जमीन पाहून पैसे देऊ लागला. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, इकडे भाव चढले आणि दख्खनमध्ये कर्ज सढळ हातानं मिळू लागलं. १८६५ नंतर भाव कोसळले. त्याच सुमारास साऱ्याची फेरआकारणी येऊन तो वाढला. रयतेला पैशाची सर्वांत जास्त गरज होती, नेमका तेव्हाच सावकारानं हात आखडता घेतला.

१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांबद्दल शाळेत शिकवतात ते व्याजाबद्दल, खोट्या दस्तांबद्दल. ते खरंच आहे. पण त्या असंतोषात नकाराचाही मोठा वाटा होता. पिढ्यानपिढ्या अडीअडचणीला पैसे देणारं दार अचानक बंद झालं, आणि वर जुन्या कर्जासाठी फिर्यादी सुरू झाल्या. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी एका सावकारानं दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर एका देशमुखाचं घर पाडायला घेतलं आणि गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला. जमावानं सावकारांच्या वह्या आणि दस्त मागितले आणि जाळले. दंगे मुख्यतः भीमथडी, शिरूर, इंदापूर, हवेली या भागांत आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात झाले.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत मात्र ही लढाई त्याआधीच सुरू झाली होती. आजच्या आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले हा महादेव कोळी तरुण १८७३ पासून सावकारांवर छापे घालत होता. त्याच्या टोळीचा वावर पुणे, नगर, नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात होता. सरकारनं त्याच्यावर हजार रुपयांचं बक्षीस लावलं आणि १८७६ मध्ये मेजर डॅनियलनं त्याला पकडलं. त्याच्या आधी तीसेक वर्षं राघोजी भांगरे याच सह्याद्रीत याच कारणासाठी उठला होता. सरकारी कागदांत या दोघांची गणना दरोडेखोरांत झाली. मला त्यांच्यात हिशेब मागणारी माणसं दिसतात. हिशेब मागायची दुसरी कुठलीही जागा त्या काळी त्यांना उपलब्ध नव्हती.

दंग्यांची चौकशी करायला आयोग नेमला गेला. त्याच्या कामातून एक गोष्ट पुढं आली, ती आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या दस्ताची मुदत तीन वर्षं ठरवली होती. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. सावकारानं त्यावर उपाय काढला तो दर तीन वर्षांनी नवा दस्त करून घेण्याचा. जुनी मुद्दल आणि तिचं व्याज मिळून नव्या दस्ताची मुद्दल व्हायची आणि त्यावर पुन्हा व्याज चढायचं. आज सोसायटीत ३१ मार्चच्या आत जे ‘नवं-जुनं’ करतात त्याचा पूर्वज हा आहे, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

१८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला छापा घातला. त्याच वर्षी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्या काळाच्या मानानं हा कायदा फार धीट होता. न्यायाधीशानं दस्तावरच्या आकड्यावर थांबायचं नाही, व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा इतिहास उकलायचा. शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहायचा आणि त्याला वाचून दाखवायचा. भरलेल्या पैशाची पावती द्यायची, वर्षाचा हिशेब द्यायचा, मागितलं तर पासबुक द्यायचं. कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद.

कर्जदाराला एवढं संरक्षण मिळाल्यावर सावकारानं पुन्हा तेच केलं जे १८६५ नंतर केलं होतं: हात आखडला. ज्यांना दिलं त्यांच्याकडून गहाणाऐवजी थेट खरेदीखत लिहून घेतलं, पैसे फेडले की जमीन परत देऊ असं तोंडी सांगून. गहाणाचा व्यवहार खरेदीचा वेश घेऊन आला. हिशेबाचा हक्क मिळाला, पण दार उघडं ठेवायची जबाबदारी कायद्यानं कुणावरच टाकली नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मोठी उणीव हीच, आणि पुढच्या प्रत्येक सुधारणेत ती पुन्हा पुन्हा दिसते.

ती भरून काढायचा एक प्रयत्न पुण्यातूनच झाला. ब्रिटिश अधिकारी विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं १८८० च्या दशकात पुरंदर तालुक्यासाठी शेती बँकेची योजना तयार झाली. आधी जुनी कर्जं तडजोडीनं मिटवायची आणि मग रास्त व्याजानं नवा पुरवठा करायचा. हिंदुस्थान सरकार अनुकूल होतं, लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली. एका अख्ख्या तालुक्याचा कर्जाचा अर्ज सातासमुद्रापलीकडून फेटाळला गेला. हाती उरली ती १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांखालची तगाई, म्हणजे सरकारी कर्ज. ती विहिरीला, बैलांना, बियाण्याला मिळे, पण ती देणारा आणि सारा वसूल करणारा एकच मामलेदार. नाकारलं तर त्याच्याविरुद्ध बोलायचं कुणापुढं?

१९०४ च्या कायद्यानं सहकारी पतपेढ्या आल्या आणि कारण प्रथमच गावाच्या सभेत आलं. ग्रामीण पतपेढीत सभासदांची जबाबदारी अमर्यादित होती. एक बुडाला तर बाकीच्यांनी भरायचं. म्हणून अर्जदाराची चालरीत, कष्ट, व्यसन, घरातलं लग्न हे सगळं पंचांना ठाऊक असायचं आणि नकार तोंडावर मिळायचा. त्यात भाऊबंदकीही शिरली, तट-गट शिरले, गावकुसाबाहेरच्याला तर सभासदत्वच मिळू नये अशी व्यवस्थाही झाली. तरी नाकारणारा माणूस समोर दिसत होता, त्याला पारावर गाठून विचारता येत होतं.

१९१७ मध्ये पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली. पण १९५१-५२ ची अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी झाली तेव्हा चित्र असं निघालं: शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा ३.१ टक्के, व्यापारी बँकांचा ०.९ टक्के, आणि व्यावसायिक व शेतकरी सावकार मिळून जवळपास ७० टक्के. ही पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. समितीचं म्हणणं, जमिनीच्या मालकीवर नव्हे, उभ्या पिकाच्या गरजेवर कर्ज द्या. यातून पीककर्जाची पद्धत रुजली. आज विकास सोसायटीचा गटसचिव जे कमाल मर्यादा पत्रक, बोलण्यात ‘कम पत्रक’, भरतो त्याचा उगम तिथं आहे: सभासदाचं नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, एकरी दर आणि मंजूर मर्यादा.

त्या पत्रकापाशी थोडं थांबायला हवं, कारण जुन्नर-आंबेगावातला निम्मा नकार अजून तिथंच तयार होतो. विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याला ऊस घालणाऱ्याचं कर्ज ऊसबिलातून कापून घेता येतं, त्यामुळे देणारा निर्धास्त असतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवणाऱ्याचं तसं नाही. त्याचा पैसा रोज वेगळ्या भावानं, वेगळ्या आडत्याकडून येतो. एका हंगामात तो उसापेक्षा किती तरी जास्त कमावतो, दुसऱ्या हंगामात तोडणीचा खर्च निघत नाही म्हणून माल शेतातच सोडतो. बँकेला कमाईपेक्षा कापून घेण्याची वाट महत्त्वाची वाटते. हे कारण कुणी उघड सांगत नाही, पण शेतकरी ते पुरतं ओळखून आहेत. म्हणूनच टोमॅटोवाल्याचा एखादा एकर ऊस असतोच.

दुसरं कारण सातबाऱ्यावर बसलेलं असतं, ‘इतर हक्क’ या रकान्यात. तिथं सोसायटीचा इकरार असतो, एखाद्या बँकेचा बोजा असतो आणि फेडून दहा वर्षं झाली तरी कमी न केलेला जुना बोजाही असतो. आजोबांच्या नावावरचं सामाईक खातं असतं, वारसनोंद न झालेल्या आत्या आणि चुलते असतात. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं याच भागात आहेत, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव नाव पडलं ते मूळ गाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. धरणांच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनासाठी जमीन हस्तांतरावर बंदीचे शेरे पडतात आणि काम उरकल्यावरही ते हलत नाहीत. असा शेरा दिसला की शाखेतला अधिकारी फाइल बाजूला ठेवतो आणि अर्जदाराला ‘कागद पूर्ण नाहीत’ एवढंच कळतं.

जांभोरी, आहुपे, भीमाशंकरच्या पट्ट्यात आणखी एक थर आहे. जमीन महसूल कायद्याच्या १९७४ च्या दुरुस्तीनुसार आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. होन्याच्या काळातलं दुःख ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कायद्याची किंमत सांगायला नको. तो असाच राहायला हवा. पण तारणाचा लिलाव करणं अवघड म्हणून बँकांचा उत्साह मावळतो आणि संरक्षणाची नोंद नकाराचं कारण होऊन बसते. १९७८ पासून खावटी कर्ज आलं ते पावसाळ्यात चूल पेटती राहावी एवढ्यापुरतं. शेती सुधारायला, हिरड्यावर प्रक्रिया करायला भांडवल हवं, तर तो प्रश्न तिथंच आहे. आणि बायकांचं तर नावच सातबाऱ्यावर नसतं, मग अर्जावर ते कुठून येणार? अमेरिकेत कर्ज नाकारण्याचं कारण सांगायची सक्ती झाली ती १९७४ च्या समान पतसंधी कायद्यातून, १९७६ च्या दुरुस्तीनं. त्या कायद्याच्या मुळाशी बायकांना मिळणारे नकारच होते.

शेवटचा टप्पा सिबिलचा. कर्जदारांच्या परतफेडीची नोंद ठेवणारी ही कंपनी २००० साली स्थापन झाली, पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा, आणि पत मोजणारा ३०० ते ९०० मधला आकडा २००७ च्या सुमारास बँकांच्या हाती आला. आता एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या आहेत, तरी गावात चौघींनाही ‘सिबिल’च म्हणतात. ‘सिबिल खराब आहे’ हे वाक्य मंचरला आणि ओतूरला आज इतकं रुळलं आहे की ऐकणारा खाली मान घालून निघून जातो. मला राग येतो तो या निघून जाण्याचा. खराब म्हणजे काय, कुणी लिहिलं, कधी लिहिलं, हे त्यानं विचारलेलंच नसतं.

तो अहवाल हातात घेऊन पाहिला तर बरंच कळतं. प्रत्येक कर्जापुढं महिन्यांची रांग असते, तिच्याखाली हप्ता किती दिवस थकला त्याचा आकडा. शून्य असेल तर हप्ता वेळेवर आहे, ९० च्या पुढं गेला तर खातं बुडीताकडे चाललेलं. ‘सेटल्ड’ हा शेरा बहुतेकांना चांगला वाटतो, कर्ज मिटलं असा. बँकेच्या लेखी त्याचा अर्थ उलटा असतो: पूर्ण रक्कम आली नाही, तडजोड झाली. एकरकमी परतफेडीत ज्यांनी खातं मिटवलं, त्यांतले अनेक जण नंतर या एका शब्दापाशी अडतात. मित्राच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलात, तर त्याची थकबाकी तुमच्याही अहवालात येते. एकाच गावात एकाच नावाची चार माणसं असली की दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नावावर चढू शकतं. आणि विकास सोसायटीत वीस वर्षं चोख भरणा केला असला तरी ती शिस्त या अहवालात उमटलेली असेलच असं नाही, कारण सोसायटीचा पैसा जिल्हा बँकेकडून सोसायटीला आणि सोसायटीकडून सभासदाला येतो. गावानं शंभर वर्षं जी पत ओळखली ती या आकड्याला दिसत नाही.

यावर सरकारनं काही केलं नाही असं नाही. २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ पूर्वइतिहास नाही म्हणून नाकारू नये, हेही केंद्रानं त्याच वर्षी संसदेत सांगितलं. शाखेत हे कितपत पोचतं हा वेगळा प्रश्न. पण ज्या नियमाबद्दल कुणी घोषणा करत नाही तो जुना आहे आणि जास्त उपयोगाचा आहे. ५ मे २००३ च्या परिपत्रकानं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, दोन लाखांपर्यंतच्या कर्जाचा अर्ज नाकारला तर मुख्य कारणं लेखी कळवा. ६ मार्च २००७ ला ही मर्यादा काढून टाकली आणि क्रेडिट कार्डासकट सगळ्या कर्जांना नियम लागू केला.

म्हणजे मार्ग असा. तोंडी नकार घ्यायचा नाही, अर्जाची पोच घ्यायची आणि लेखी कारण मागायचं. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, २०१७ पासून. त्यात चूक दिसली तर तक्रार करायची. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून आहे. सातबाऱ्यावर जुना बोजा राहिला असेल तर बँकेचा बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे फेरफार करून घ्यायचा, आणि तो झाला की नाही हे उतारा काढून स्वतः पाहायचं. बँकेनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत.

‘बँकेच्या धोरणात बसत नाही’ असं पत्र आलं, तर तेवढ्यावर गप्प बसायचं नाही. २००३ चा नियम मुख्य कारणं मागतो, धोरण म्हणजे कारण नव्हे. जमिनीचा शेरा, थकबाकी, जामीन, उत्पन्न, यांपैकी नेमकं काय आडवं आलं ते नावानिशी लिहून द्या, असं दुसरं पत्र द्यायचं, आणि तेही मराठीत द्यायचं.